दिगूकाकांचं नॉर्मल पोट

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तोंड पाडून घरी येणारा माणूस आमच्या मसुऱ्यात एकच : शेजारचे दिगूकाका. तालुका कचेरीतून निवृत्त झालेले, बिनलग्नाचे. लग्नघरी गेले की नवरी बघण्याआधी संडास कुठे आहे ते बघून ठेवत. एसटीत दरवाजाजवळची जागा नसली तर ती गाडी सोडून देत.

पोटात मुरडा, कधी जुलाब, कधी दिवसेंदिवस काहीच नाही. सावंतवाडीला रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, शेवटी दुर्बीणही आत जाऊन आली. "परत नॉर्मल," ते नापास झालेल्या मुलासारखे सांगत. कशातच काही दिसत नाही म्हटल्यावर गावाने काकांना नाटकी ठरवून टाकलं.

दोन हजार पाचच्या सुमारास गोव्यातल्या एका तरुण डॉक्टरने मात्र त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि दुखण्याला नाव दिलं : इरिटेबल बाउल सिंड्रोम. आतडं दिसायला ठीक, वागायला हट्टी. हे ओळखणारी रक्ताची खात्रीची तपासणी अजून नाही, लक्षणांवरूनच ठरवावं लागतं. पण जनुकांत किंवा आतड्यातल्या सेरोटोनिनसारख्या रसायनांत त्याची काही खूण सापडते का, ते शास्त्रज्ञ बघताहेत, असंही तो म्हणाला. काका हरखून परतले. बाजारात बांगडे निवडताना, देवळात आरती झाल्यावर, भेटेल त्याला सांगू लागले, "माझ्या पोटाचो शोध चालू आसा." जगातले शास्त्रज्ञ मसुऱ्याचा पत्ता विचारत निघालेत, असा थाट.

त्याच वर्षी समोरच्या शेवंतीकाकूंची नवी सून स्मिता जेवल्यावर पोट धरून बसू लागली. तिचेही रिपोर्ट नॉर्मल. भांडी घासायची वेळ झाली की हिला बरोबर दुखतं, असं काकू विहिरीवर सांगत. मुलगा नोकरीला मुंबईत. शेवटी काकूंनी सुनेला माहेरी धाडायचं ठरवलं. तिची पिशवी भरून ओट्यावर आणून ठेवली.

काका तडक त्यांच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात गेले. दुसऱ्यांच्या भांडणात ते कधी पडत नसत, म्हणून मीही मागोमाग गेलो. शेजारच्या बायका जमल्या होत्या. खाली मान घालून काका स्वतःचंच सांगू लागले. कचेरीत साहेबांसमोर झालेली फजिती सांगितली. मग ठरलेलं लग्न कसं मोडलं तेही : मुलीच्या घरी पाहुणचार चालू असताना ते परत परत उठून परसात जात राहिले आणि तिच्या माणसांनी भलताच अर्थ काढला, हा चोरून पितो असा. इतक्या वर्षांच्या शेजारात हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग काकूंकडे बघून म्हणाले, "वैनी, रक्तात दिसणा नाय म्हणून दुखणां खोटां होणा नाय. हिका खोटी म्हणा नको."

कोणी हसलं नाही. थोड्या वेळाने काकूंनी पिशवी उचलून आत नेली.

पुढच्या आठवड्यात काका सासूसुनेला त्याच डॉक्टरकडे घेऊन गेले. औषधाने आणि पथ्याने स्मिताला हळूहळू उतार पडला. काकू तिच्यासाठी कमी तिखटाची आमटी वेगळी काढू लागल्या.

एकदा काकांच्या ओट्यावर बसलो असताना मी विचारलं, लग्न मोडलं तेव्हा त्या मुलीला खरं का नाही सांगितलंत?



"ती इचारूक इली होती," काका म्हणाले. "माका तेवा ह्या दुखण्याचां नावच म्हायत नाय होतां. काय सांगणार होतंय?"