खुनी कोण, ते आवणीनंतर

वैशाखरे गावात प्रेमाचं शेत सगळ्यांत शेवटी, पार डोंगराच्या पायथ्याशी. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, बायका एकमेकींच्या शेतात आळीपाळीने करायच्या आणि प्रेमाची पाळी येईपर्यंत सगळ्यांच्या कमरा मोडलेल्या असायच्या. गेल्या वर्षी तर ऐन वेळी कोणाला ताप आला, कोणाकडे पाहुणे आले, आणि तिची अर्धी रोपं लागणीवाचून पिवळी पडली. ते दुःख ती विसरली नव्हती. यंदा तिने युक्ती काढली. मुरबाडच्या वाचनालयातून एक रहस्यकादंबरी आणली आणि पहिल्या शेतापासून रोज थोडी थोडी सांगायला घेतली. शेवट मात्र स्वतःच्या शेतासाठी राखून ठेवला.

कादंबरीची शिफारस ग्रंथपाल भगीरथने केली होती. नवीन पुस्तक आलं की तो ते छातीशी धरून सांगायचा, "शेवट सांगनार नाय. पन हादराल." शेवटी हादरायचं म्हणून प्रेमानेही पुढचं वाचलं नव्हतं. रोज सांगण्यापुरतंच वाचायची.

युक्ती भलतीच लागू पडली. जहागीरदाराच्या खिरीत विष कोणी घातलं, या काळजीने गावाची झोप उडाली. एरवी उन्हं वर आल्यावर उगवणारी जिवली आता सगळ्यांच्या आधी बांधावर हजर असायची. सकुबाई वयाने मोठी आणि स्वभावाने संशयी. तिने तर घरात कोणी खीर केली तरी आधी करणारीला चाखायला लावायचा नेम धरला.

प्रेमाच्या आवणीच्या आदल्या दुपारी तिने शेवटचं पान उघडलं. इन्स्पेक्टर म्हणत होता, 'खुनी याच खोलीत आहे आणि त्याचं नाव आहे' आणि त्यापुढे पुठ्ठा होता.

मिळेल ती एसटी धरून ती मुरबाडला पोचली. भगीरथने पुस्तक उलटंपालटं केलं आणि त्याचा चेहरा उतरला. पावसाळ्यात पुस्तकं खिळखिळी होतात म्हणून तो नवीन पुस्तक आलं की शेवटचं पान खळ लावून पुठ्ठ्याला चिकटवून टाकायचा. एरवी ते पान कोरं असतं. या लेखकाने नेमका त्याच्या मागच्या बाजूला खुनी ठेवला होता.

"मंग तुमी हादरलात कुठं?" प्रेमाने विचारलं.

भगीरथने खाली बघत कबूल केलं की नवीन पुस्तकं वाचायला त्याला वेळच होत नाही. पान सोडवायचं तर वाफ देऊन हळूहळू, त्याला दोन-चार दिवस तरी लागणार. पण एवढ्या सभासदांनी हे पुस्तक नेलं, एकानेही तक्रार केली नाही, याचं त्यालाही नवल वाटलं.

वर्तमानपत्र वाचत बसलेले गोजर गुरुजी म्हणाले, तक्रार कसली, शेवट उत्तम आहे, खुनी दिवाणजी. पुस्तक बदलायला आलेल्या चंद्रकला नर्सबाई म्हणाल्या, छे, पुतण्या, मी स्वतः वाचलंय. दोघेही शपथेवर सांगायला तयार होते. प्रेमा एकाऐवजी दोन खुनी घेऊन घरी आली.

सकाळी झाडून सगळ्या बायका हजर. शेवट फसला तर पुढल्या वर्षी या शेतात चिटपाखरू येणार नव्हतं. तिने गोष्ट ताणली, पाऊस घातला, इन्स्पेक्टरला दोनदा चहा पाजला. पण तो अखेर त्या वाक्याशी आलाच.

"मंग? नाव काय त्याचा?" सकुबाई म्हणाली.

"तुमीच वळखा," प्रेमा कशीबशी म्हणाली.

झालं. जिवलीने पुतण्या धरला, काशीने दिवाणजी. सकुबाईने दोघींना गप्प केलं.

"सैपाकीन न चाखता खीर वाढतेच कशी गो? तिनंच मारला."

भांडण सुरू झालं, पण रांग सोडून कोणी जाईना. सोडली तर आपला खुनी हातचा जायचा. वादाच्या भरात हात असे चालले की दिवस मावळायच्या आत शेवटचं खाचर लागलं. प्रेमाने हिरवंगार शेत पाहिलं, सकुबाईकडे पाहिलं आणि खुनी स्वयंपाकीण असल्याचं जाहीर केलं.

पुढल्या रविवारी भगीरथ अपराधी चेहऱ्याने वैशाखऱ्यात उतरला. पान सुटलं होतं. प्रेमाने खुणा केल्या, डोळे वटारले, पण त्याने साऱ्या बायकांसमोर ते मोठ्याने वाचलं. खुनी होता जहागीरदाराच्या डॉक्टरचा जुळा भाऊ, डॉक्टरच्या वेशात आलेला. बायका प्रेमाकडे बघायला लागल्या. प्रेमाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"हा भाऊ आधी कुठं आलावता काय?" सकुबाईने विचारलं.

"नाय," भगीरथ म्हणाला.

"मंग लिवनाऱ्याला कलला नाय. आमी एवढा राबून सैपाकीन धरली. ते पान चिकटव परत."

भगीरथने ते मुकाट्याने चिकटवलं. अजूनही तो पुस्तक छातीशी धरून शिफारस करतो, फक्त शेवट ऐकायचा असेल तर वैशाखऱ्याला आवणीला जा म्हणतो. पुढल्या जुलैत गोजर गुरुजी धोतर खोचून आणि नर्सबाई पदर खोचून प्रेमाच्या बांधावर उभे होते. दोघेही दिवाणजी आणि पुतण्यावरून अजून भांडतच होते. प्रेमाने दोघांच्या हातात रोपांची एकेक जुडी दिली आणि पहिली रांग लागल्याशिवाय जहागीरदार मरणार नाही, असं बजावलं.