साळवे डॉक्टरांचा मारवा

साळवे डॉक्टर गाण्याची रेकॉर्ड स्टेथोस्कोप लावून ऐकत. दोन टोकं कानात आणि तिसरं रेकॉर्डप्लेअरच्या जाळीवर. चेहरा असा गंभीर, की आता बुवांना इंजेक्शन टोचणार. मी गंगाखेडला तहसिलात कारकून म्हणून रुजू झालो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच संध्याकाळी खिडकीतून हे दृश्य दिसलं आणि खोली बदलावी का, असा विचार मनात येऊन गेला.

खरं तर ते डॉक्टर नव्हतेच. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. पण तालुक्यातल्या एकाही म्हशीने त्यांच्याकडे कधी डिग्री मागितली नव्हती, त्यामुळे सगळं गाव त्यांना डॉक्टरच म्हणे.

स्टेथोस्कोपचं कारण मी एकदा भीत भीत विचारलं. म्हणाले, "बाहेर पोरं वरडायलेत, आत आमची बायको भांडे आपटायलीय. नळी लावली की बुवा अन् मी. मधी कोनी न्हाई."

त्यांच्याकडे मोजून अकरा रेकॉर्डी. पण एकच रेकॉर्ड लावून गप्प बसणं त्यांना माहीत नव्हतं. एक राग एकाचा ऐकायचा, लगेच तोच राग दुसऱ्याचा ऐकायचा, आणि समोर जो सापडेल त्याला विचारायचं, "सांगा, कोनता बैल घ्यायचा?" समोर कधी पोस्टमन असे, कधी आजारी शेळी घेऊन आलेला शेतकरी. शेळीला औषध मिळे, पण निवाडा दिल्यावर.

"दोन्ही चांगले आहेत," असं मी एकदा म्हणून पाहिलं. डॉक्टर माझ्याकडे फार वाईट नजरेने बघत राहिले. "दोन्ही चांगले म्हननारा मानूस बाजारातून नुसतं दावं घेऊन घरी येतो."

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दुसरा बैल घेतला की चहा लवकर येतो, एवढं माझ्या ध्यानात आलं होतं. मी कायम दुसरा घ्यायचो.

त्यांचा खरा वाद होता शाळेतल्या देऊळगावकर मास्तरांशी. मास्तर रीतसर पेटी शिकलेले. वाद मारव्याचा. डॉक्टरांकडे मारव्याच्या दोन रेकॉर्डी होत्या, एक एका बाईंची आणि एक एका बुवांची. मास्तर बाईंच्या बाजूचे. डॉक्टरांचं म्हणणं बैलांच्या जातींत असे, "बाई म्हंजे देवणी. देखनी हाय, चाल बघत राहावं. पर आपला बुवा लाल कंधारी. दिवसभर जुपा, तोंडाला फेस न्हाई. किती खाली उतरून गायलाय बघा!"

एकदा मास्तर तीच बुवांची रेकॉर्ड मागून घेऊन परभणीला मेव्हण्याकडे वाजवून आले. आले ते विजयी मुद्रेने. "डॉक्टर, तिथं बुवा चांगला अर्धा सूर वर गातात! तुमच्याकडे संध्याकाळी वीज कमी पडते, तबकडी रेंगाळते. तुमचा तो गंभीर आवाज बुवांचा नाहीच!"

"परभनीत बुवाला एसटी धरायची आसंल," डॉक्टर शांतपणे म्हणाले आणि रेकॉर्ड पुसून पाकिटात ठेवली.

मास्तरांचं खोटं नव्हतं. दिवस मावळायला गंगेकाठचे, म्हणजे गोदावरीकाठचे, उसाचे पंप सुरू झाले, की आमच्या गल्लीतले दिवे पिवळे पडत. पोरं मॅट्रिकचा अभ्यास कंदिलावर करत. शेवटी गल्लीने ठरवलं, आपल्यासाठी वेगळी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मागायची. अर्ज अर्थातच मी लिहिला. सगळ्यांनी सह्या केल्या. डीपीची जागा नेमकी डॉक्टरांच्या कुंपणालगत येत होती, म्हणून त्यांची सही झाल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नव्हता.

आणि डॉक्टर सही करेनात.

आज चष्मा सापडत नाही. उद्या कालवड अडली आहे. परवा म्हणाले, "इचार करायलोय." गल्ली चिडली. काकू म्हणजे डॉक्टरांची बायको, तीही चिडली. ती मला म्हणाली, "त्यास्नी कायतरी झालंय बघा. तुमीच इचारा."

मी अर्ज घेऊन गेलो तेव्हा दिवस मावळत होता. बुवांचा मारवा लागलेला होता. मी तोंड उघडणार, तोच डॉक्टरांनी हाताने थांबवलं.

"थांबा. पंप सुरू होऊ द्या."

थोड्या वेळाने दिवा पिवळा पडला. तबकडी मंदावली आणि बुवांचा आवाज हळूहळू खाली उतरत गेला, जाड झाला, थोडा दमल्यासारखा झाला. डॉक्टरांनी कानातली नळी काढून माझ्या कानात घातली.

"आला," ते म्हणाले.

"कोण?"

"आमचा बाप."

मी नळी काढली. ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "दुसऱ्याच्या हिरीवर मोट हाकायचा. मोट हाकताना असाच गायचा, खाली उतरून. रागबिग न्हाई, मोटंचं गानं. फोटो न्हाई त्याचा, काय न्हाई. मोटा गेल्या, पंप आले. पर पंप चालू झाले की ह्या बुवाच्या गळ्यात आमचा बाप येतो. मास्तर म्हनतेत, बुवाचा आवाज न्हाई. मला ठावं हाय की!"

मला हातातल्या अर्जाची लाज वाटली. मी तो घडी करायला लागलो.

"आना इकडं," ते म्हणाले. "पोरांचा अभ्यास बुडवून बाप ऐकू का? तुमी ऐकला ना आता? बास. आपल्या दोघास्नी ठावं झालं." चष्मा त्यांच्या खिशातच होता.

चार महिन्यांनी डीपी बसली. गल्ली झगझगली. पोरं अंगणात नाचली, देऊळगावकर मास्तरांनी पेढे वाटले. मला मात्र डॉक्टरांकडे जायचा धीर होईना. त्यांच्यासाठी माझ्याकडे दिलेला पेढा माझ्याच खोलीत राहिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो.

मारवा चालू होता. दिवा लख्ख पांढरा, आणि तरी आवाज खाली. तोच जाड, दमलेला.

डॉक्टर तबकडीवर वाकले होते. म्हशीची नाडी बघताना शेपटीच्या मुळाशी ठेवतात, तशी दोन बोटं त्यांनी फिरत्या तबकडीच्या कडेवर अलगद टेकवली होती. जोर इतका बेताचा, की सुई हलत नव्हती, फक्त बुवा उतरत होते.

"कालपासून चुकत व्हती," ते म्हणाले. "आत्ता सापडली नाडी."

दुसऱ्या हाताने त्यांनी नळी माझ्याकडे सरकवली. काकूने न सांगता चहा टाकला, आणि त्या दिवशी कोणता बैल घ्यायचा, हे डॉक्टरांनी मला विचारलं नाही.