शंभरावरची रेघ

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत बेल वाजली आणि दारात खिशाला टेस्टर लावलेला माणूस दिसला, की समजावं, आता घरातलं काहीतरी बंद पडणार. बिघडून नव्हे, दातारकाका बंद करायला लावतील म्हणून.

"तुमचा फ्रिज पाच मिनिटं बंद ठेवा. रेघ येतेय." नमस्कार नाही, कसे आहात नाही.

काका माझ्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात नोकरी संपली, खोड काही संपली नाही. हल्ली ते एक जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतायत. आवाजातले सूर सुटे करून दाखवणारा स्पेक्ट्रम समोर असतो आणि त्यात शंभर हर्ट्झवर, विजेच्या उपकरणांची गुणगुण दिसते तिथं, एक नको असलेली रेघ उभी असते. ही रेघ आपल्या घरातली असणं शक्यच नाही, अशी काकांची खात्री. त्यामुळे ती आमच्या घरातली.

"एकेक बंद करून बघू," हा त्यांचा मंत्र. त्यापायी माझा फ्रिज बंद झाला, समोरच्या शेखबाईंचं शिलाई मशीन बंद झालं आणि लिफ्ट बंद झाली तेव्हा आत सेक्रेटरी होते. रेघ ढिम्म हलली नाही. एवढा अनुभवी माणूस, पण आपलं काही चुकत असेल ही शंका औषधालासुद्धा नाही.

परवा रविवारी भर दुपारी मला पंखा बंद करा म्हणाले. माझं टाळकंच सटकलं. "चला, बघूच तुमची रेघ," म्हणत मी त्यांच्यामागे वर गेलो.

कॅसेट चालू होती. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या काकू परदेशातल्या लेकीला गोड्या मसाल्याची कृती सांगत होत्या. मध्येच म्हणाल्या, "अहो, तो पंखा बंद करा ना, गुणगुणतोय." मागून काकांचा तरुण आवाज आला, "केला." काकू पुन्हा धने भाजण्याकडे वळल्या.

"काका, अख्खी सोसायटी बंद करून झाली. ही कॅसेट बंद करून बघितलीत कधी?" मी खवचटपणे विचारलं आणि बटण दाबलं.

रेघ गेली. म्हणजे ती कॅसेटमधल्याच पंख्याची होती. मला जिंकल्यासारखं वाटलं, पण काकांचा चेहरा बघून ते तिथंच विरलं.

"मी 'केला' म्हणालो होतो. तुम्ही ऐकलंत ना? म्हणून कॅसेटवर कधी संशयच घेतला नाही," काका म्हणाले. मग त्यांनी खिशातला टेस्टर काढून टेबलावर ठेवला.

"उठलोच नसणार मी. पेपर वाचत असेन."

मला माझीच लाज वाटली. गुपचूप खाली आलो आणि माझा पंखा बंद केला. आता त्याचा काही उपयोग नव्हता, हे कळत होतं. थोड्या वेळानं वरून काकूंचा आवाज परत येऊ लागला. धने मंद आचेवर भाजायचे, घाई करायची नाही, असं त्या लेकीला सांगत होत्या. मी तसाच घामाघूम होत बसून राहिलो.