लेडी ऑगस्टाचा नारळ

"शार्दूल, बघतोस काय? शाल घाल तिला!" जगन्नाथकाका ओरडले आणि शार्दूलने घातली. आपल्या माणसाच्या हातात शाल दिली की तो समोर दिसेल त्या खांद्यावर घालतो. खांदा कुणाचा, ते मागाहून विचारतो.

खांदा लेडी ऑगस्टाचा होता. लंडनच्या पार्ट्यांतली ही बडी बाई. गेल्या वर्षी ती देवमाशांसाठी रडली, यंदा अमेरिकेत येऊन व्हिसावाल्यांच्या हक्कांसाठी सरकारला शिव्या घालत होती. फ्रीमाँटच्या बागेत तिची सभा होती, शेजारच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन. बाई आत शिरली ती बाथरूम शोधत. मागोमाग कॅमेरेवाले. काका मंडळाचे अध्यक्ष. पाहुणा आला आणि सत्काराविना गेला, असं त्यांच्या हयातीत घडलेलं नाही.

संध्याकाळी फोटो सगळ्यांच्या फोनवर. बाईने नारळ मुठीसारखा उंच धरलेला, शेजारी शार्दूल हात जोडून. खाली मजकूर : स्थलांतरितांचा नेता सरकारशी लढायला सज्ज!

शार्दूलने तारीख बघितली. गुरुवारी ग्रीन कार्डाचा इंटरव्ह्यू होता. त्या कार्डाची वाट बघता बघता त्याच्या लेकीचे, आन्याचे, दुधाचे दात पडून नव्या दातांना ब्रेसेस लागल्या होत्या.

"ते लोक ऑनलाइन सगळं चेक करतात यार," तो बायकोला म्हणाला. "कार्ड गेलं, प्रतिमा. जॉब गेला. सामान बांध."

"आधी त्या बाईला फोटो डिलीट करायला सांग. रडायचं ते मग रड."

दुसऱ्या दिवशी तो सांता क्लाराला बाईच्या हॉटेलात पोचला. बाईने त्याचा हात हातात घेतला.

"तुम्ही घाबरलात?"

"खूप, मॅडम."

"कॅमेरा!" बाई ओरडली.

रात्रीपर्यंत व्हिडिओ आला. 'या माणसाच्या डोळ्यांतली भीती बघा!' लोकांनी बघितली. मिटक्या मारत बघितली.

"बाबा, यू आर अ मीम," आन्या म्हणाली.

त्याने काकांना फोन लावला. "काका, मंडळातर्फे खुलासा टाका. माझा राजकारणाशी संबंध नाही म्हणून."

काकांनी लगेच टाकला. 'आमचे तडफदार कार्यकर्ते श्री. शार्दूल यांचा सरकारविरोधी चळवळीशी काडीचाही संबंध नाही.' सोबत तोच फोटो. आतापर्यंत फोटोखाली नाव नव्हतं. ते काकांनी पुरवलं.

लेडी ऑगस्टा तोवर लंडनला परतली होती. परत जायला महाल असला की शौर्य फार स्वस्त पडतं.

गुरुवारी ऑफिसरने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे तुम्ही?"

शार्दूलने प्रतिमाकडे बघितलं. शेजारून प्रतिमा म्हणाली, "येस सर. हाच तो."

"आणि तिच्या हातात हे काय?"

"कोकोनट."

"का दिला?"

"आमच्याकडे देतात, सर."

"तिने तुमच्यासाठी काय केलं म्हणून?"

"काही नाही. बाथरूम शोधत आली म्हणून."

ऑफिसरने नारळाकडे बघितलं, शार्दूलकडे बघितलं. "मग बाथरूमला आलेल्या प्रत्येकाला देता?"

"आमच्या काकांना दिसला तर देतात, सर."

ऑफिसर खुर्चीत मागे रेलून हसला. शार्दूलला मात्र त्या हसण्याचीही भीती वाटली.

कार्ड आलं. पुढच्याच रविवारी काकांनी सत्कार ठेवला, 'निर्भीड लढवय्या शार्दूल' म्हणून. नाही म्हणायची त्याला भीती वाटली. शाल तीच, बाई ती बाथरूममध्ये विसरून गेली होती.

"दोन शब्द बोल," काकांनी माइक पुढे केला.

शार्दूलने माइक दोन्ही हातांनी धरला. "प्लीज, कुणी फोटो काढू नका."

कुणीही हसलं नाही. निम्म्या हॉलचे इंटरव्ह्यू अजून व्हायचे होते. सगळ्यांनी गुपचूप आपापले फोन खिशात घातले.