सुमनताईंच्या गांधीलमाश्या

आमच्या शेजारच्या सुमनताईंनी साठ वर्षांत स्वतःच्या नखांना कधी रंग लावला नाही. तरी डहाणू रोडच्या बांगडीवाल्याकडून त्या नेमाने नेलपॉलिशच्या बाटल्या आणतात. तो रंग लागतो गांधीलमाश्यांना. त्यांच्या मागच्या पडवीत वाशाला पोळं आहे. सकाळी माश्या अजून सुस्त असतात, तेव्हा ताई स्टुलावर चढतात आणि गवताच्या काडीने एकेकीच्या पाठीवर ठिपका देतात. कुणी पिवळी, कुणी हिरवी, एक लाल. त्यांना आजवर एकही चावलेली नाही. मला, नुसता बघायला गेलो तर, दोनदा.

तलासरीकडच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. त्यामुळे माझा हात सुजत असतानाही धडा चुकला नाही. "चोळू नकोस, ऐक. आधी प्रत्येक माशी एकटी राहायची. घर बांधायचं एकटीने, शिकार आणायची एकटीने, पिलं वाढवायची एकटीने. मग हळूहळू कामं वाटली गेली. अंडी घालणारी एक, बाकीच्या राबणाऱ्या. घाई नाही केली, कोट्यवधी वर्षं घेतली!" हे शेवटचं वाक्य ताई हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्यालाही ऐकवतात.

गेल्या वैशाखात त्यांचा सगळ्यात धाकटा भाऊ विनू बोईसरहून आला. त्याच्या मुलीचं लग्न याच घरी व्हायचं होतं आणि हळद याच पडवीत. पोळं बघून तो हबकलाच. कुठूनतरी रॉकेल पैदा केलं आणि काठीला फडकं गुंडाळलं.

"ताई, वापीहून व्याही येणारेत. कुणाला चावली म्हणजे?"

ताईंनी पोळ्याखाली स्टूल ठेवलं आणि त्यावर बसल्या. "हळद चिकूखाली करू."

"चार माश्यांसाठी?"

"सतरा आहेत." मग त्यांचा आवाज उतरला. "विनू, हे सगळं सुरू कसं झालं, सांगू? आईला एकटीला झेपत नव्हतं. एक मुलगी मोठी झाली, पण उडून गेली नाही. धाकट्यांना भरवत मागे राहिली. राणीबिणी सगळं नंतरचं."

विनू रांगत होता तेव्हा त्यांची आई अंथरुणाला खिळली. पाचही भावंडांना ताईंनीच वाढवलं, आणि त्यात त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं. आमच्या आळीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. विनूने काठीवरचं फडकं सोडलं. हळद चिकूखाली झाली, झकास झाली. त्या दिवशी मला या बाईचा फार अभिमान वाटला.

मुलगी सासरी गेली, मांडव रिकामा झाला. मी पडवीत गेलो, अर्थात अंतर राखून. ताई पोळ्याकडे बघत होत्या. लाल ठिपकेवाली पिलाला भरवत होती.

"ही सगळ्यांत जुनी," ताई म्हणाल्या. "पंख बघ, धडधाकट आहेत. वेगळं घर सहज बांधलं असतं हिने."

"मग गेली का नाही?"

ताईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"जायचंय का, असं कुणी विचारलंच नाही तिला."