किसननानांची खाचरातली बोट

किसननानांच्या खाचरातून आडवं जायचं नाही. गेलात तर बुडालात. भात कापून झालेलं कोरडं ठणठणीत खाचर, पायाखाली ढेकळं, आणि नाना बांधावरून ओरडतात, "आरं ए, पान्यात कुठं निघालास?"

मागे एकदा वरच्या वस्तीवरचे एक धनगर शेरडं घेऊन तिथून चालले होते. नाना धावले. "भाऊ, ती शेरडं आदी सैपाकघरातनं भाईर काडा!"

भाऊंनी चहूकडे बघितलं. सैपाकघर काही दिसेना. "कुठं हाय सैपाकघर?"

"तुमी हुबं हाय ते!"

बिचाऱ्यांनी घाईघाईने पायताणं काढून हातात घेतली आणि शेरडं हाकत अनवाणीच बाहेर पडले. मग माझ्या दुकानात येऊन हळूच विचारतात, "नानांना बरं न्हाई का?"

बरं नसायला काय झालंय? दगड पचवतील. त्यांना फक्त बोट घ्यायची आहे.

गुंजवण्यात माझं पेंडीचं दुकान आहे. सरकी, भुसा, जनावरांचं मीठ, आणि कोपऱ्यात फक्कीच्या पिशव्या. ही पांढरी फक्की लोक कबड्डीचं मैदान आखायला नेतात, नाहीतर घराचा पाया आखायला. आपल्याकडे रीतच आहे. घर बांधायचं तर आधी जागेवर फक्की मारायची, घरातल्या बायकांनी त्या रेघांत उभं राहून हितं कपाट, तितं देव्हारा असं करून बघायचं, आणि मग कुदळ मारायची. नानांचं म्हणणं, "बोट झाली म्हनून काय झालं? ऱ्हायाचं हाय न्हवं तिच्यात? मग घरच की! आदी फक्की."

म्हणून खाचरात ती आखलेली. टोकदार तोंडाच्या दोन लांबच लांब होड्या शेजारी शेजारी, आणि दोन्हींना जोडणारी मधली ऐसपैस चौकट. इंग्रजीत तिला कॅटामरान म्हणतात. नानांनी ते नाव एकदा म्हणून बघितलं, दाताखाली खडा आल्यासारखं तोंड केलं आणि सोडून दिलं. ते तिला जोडबोट म्हणतात. राजगडावर येणारे पुण्याचे ट्रेकर वरून तिचे फोटो काढतात. त्यातला एकजण मला ती शिवकालीन खूण असल्याचं समजावून सांगत होता. मी म्हटलं, असेल बुवा, फक्की मात्र माझ्या दुकानातली आहे.

आता माणसाला हे सुचतं कसं? पाप माझंच. नानांकडे बटणाचा मोबाईल. वेळ जात नाही म्हणून माझ्या दुकानात येऊन पोत्यावर बसतात आणि माझ्या मोबाईलात डोकं घालतात. एकदा त्यात एक कुटुंब लागलं. नवरा, बायको, पोरं, म्हातारी, सगळी जोडबोटीवर राहतात आणि समुद्र फिरतात. एका होडीत नवराबायको, दुसरीत पोरं आणि आजी, मधे स्वैपाकघर आणि जेवायचं टेबल. नानांनी ते पुन्हा पुन्हा लावायला लावलं. शेवटी म्हणाले, "बाळ्या, ह्यात भिंत कुठंय?"

भिंतीचं सांगायला पाहिजे. नानांचं मूळ घर धरणाच्या पाण्यात गेलं. वर काठाला नवं बांधलं, आणि ते उभं राहतंय तोवर दोन्ही पोरांचं फाटलं. थोरला विलास, धाकटा संतोष. दोघांनाही घराची उगवतीची बाजू पाहिजे. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, मधोमध भिंत घातली, तिला दार ठेवलं नाही. जमिनीच्या कागदावर बहिणीची, म्हणजे मंगलची, हक्कसोडीची सही घेतली. ती सारोळ्याला दिलेली. सही करून गेली ती परत आली नाही. भाऊ पुण्याला गेले, एक धायरीला, एक कात्रजला, आणि एकमेकांचं तोंड बघायचं बंद.

पण अर्धं अर्धं घर कुणाच्या तरी ताब्यात दिसायला पाहिजे ना! म्हणून हौसाकाकू थोरल्याच्या अर्ध्यात, नाना धाकट्याच्या अर्ध्यात. उभा जन्म एका ताटात काढलेली माणसं भिंतीच्या अल्याड-पल्याड. काकूंचा चहा अंगणातून वळसा घालून नानांपर्यंत पोचतो तो कोमटच. नाना पितात आणि भिंतीवर थाप मारतात. म्हणजे पोचला.

तर ह्या माणसाला असं घर पाहिजे होतं की ज्याच्यात भिंत घालता येणार नाही. दोन्ही पोरं, सुना, नातवंडं एका छपराखाली. पोरांना दोन होड्या, चूल मधे. आणि ते घर धरणात तरंगायला पाहिजे, कारण, "घर पान्यात गेलंय न्हवं? मग पान्यावरच पायजे."

मी म्हटलं, "नाना, धरणात अशी बोट टाकू देत नाहीत. परवानगी लागते."

"माझ्या घरात शिरताना पान्यानं घेतलीवती परवानगी?"

मी उठून पेंड मोजायला लागलो.

मग जाहिराती बघणं सुरू झालं. नव्या बोटी नानांना नकोच. एकतर त्यांची किंमत ऐकून राजगड विकायला काढावा लागेल, आणि दुसरं, "नवी बोट तरंगती का बुडती, कुणी बगितलंय? जुनी आजवर बुडाली न्हाई, ह्योच तिचा दाखला." मी वाचून दाखवायचो, "छपराचा सांधा गळतो." "आमचंबी गळतं. फुडं." "दोन इंजिनांपैकी एकच चालू." नाना खूश. "एक तर चालतंय! आमच्यात दोन्हीबी बंद हायेत."

एकच गोष्ट त्यांना छळत होती, दार. दार उगवतीला पाहिजे. ते काही जाहिरातीत लिहीत नाहीत.

शेवटी कोकणात एका खाडीत एक बोट निघाली. मालक जहाजावरून निवृत्त झालेले, बोलायला साखर. माझ्या पिकअपमधून वरंध घाटाने आम्ही उतरलो. काकूंनी भाकऱ्या बांधून दिल्या आणि म्हणाल्या, "मला पवायला येत न्हाई, सांगून ठिवते."

"बोटीत ऱ्हायाचंय, पान्यात न्हाई," नाना म्हणाले.

"चूल मदी हाय का?"

"मदी हाय."

"मग बगून या," म्हणाल्या आणि आत गेल्या.

खाडीच्या चिखलात ती बोट ओहोटीला टेकून उभी होती. नानांनी आयुष्यात बैलजोड्याच घेतल्यात. त्यांना दुसऱ्या रीतीने वस्तू बघता येत नाही. आधी लांब उभे राहून दोन्ही होड्यांची उंची ताडली, जोड जमतीय का म्हणून. मग पुढून बघितलं, मागून बघितलं, पाठीवर थाप मारली. शेपटीच्या जागी सुकाणू होतं, ते धरून ओढलं. मग मालकांना विचारलं, "काई खोड?"

"म्हणजे?"

"आडून बसती का? तोंड टाकती का?"

साहेब म्हणाले, "वारा जोरात असला की थोडी डावीकडे ओढते."

"वाटलंच. डावा बैल आंगचोर हाय," नाना माझ्या कानात म्हणाले.

मग आला दाराचा प्रश्न. साहेबांनी समजावलं की नांगर टाकला की बोट वाऱ्याबरोबर फिरत राहते. सकाळी तोंड इकडे, संध्याकाळी तिकडे. तिला ठरलेली दिशा नसते. मला वाटलं, संपलं, आता चला घाट चढायला. पण नानांचं तोंड असं काही उजळलं की साहेब दचकले. "म्हंजे उगवत आज थोरल्याकडं, उंद्या धाकट्याकडं! बाळ्या, आरं भांडनच मिटलं की! ही कुनी काडली रं अक्कल?"

लगेच खांद्यावरचा टॉवेल काढला, स्वतःच्या हातावर टाकला आणि हात साहेबांपुढे केला. बैलबाजारात सौदा असाच होतो, टॉवेलाखाली बोटं धरून, बघणाऱ्याला किंमत कळू न देता. साहेबांना वाटलं, नानांना हात पुसायचाय. त्यांनी टॉवेल घडी करून परत दिला. नाना गडबडले. बाजारात टॉवेल परत दिला म्हणजे सौदा मोडला! मला मधे पडून दोघांची समजूत घालावी लागली. शेवटी नाना म्हणाले, "खालचं खाचर इकतो आन येतो. दुसऱ्या कुनाला दावू नगा."

घरी आल्यावर तर कहरच. बोट फिरते म्हटल्यावर आखलेली बोट एका जागी कशी राहील? नानांनी जुन्या रेघा खराट्याने झाडून ती फिरवून आखायला सुरुवात केली. आठवड्याच्या आठवड्याला. एकदा तोंड राजगडाकडे, एकदा धरणाकडे. माझी फक्की संपत आली. गावातली पोरंसोरं शाळेतून येताना बघायची आणि ओरडायची, "नाना, आज वारा कुठला?" आणि नाना हाताचं बोट ओलं करून, वर धरून खरंच सांगायचे.

खाचर विकायची बातमी पुण्याला पोचायला कितीसा वेळ? गावात मोबाईल सगळ्यांकडे आहेत आणि कामं कुणाला नाहीत. एका रविवारी सकाळी दुकानासमोरून एक पांढरी गाडी गेली. चालवायला संतोष. शेजारी विलास! मी हातातलं माप तसंच टाकून मागोमाग गेलो. खोटं कशाला सांगू, तमाशा बघायला गेलो.

दोघं तरातरा खाचरात उतरले आणि नानांवर तुटून पडले. काय ते एकमत! एकाने वाक्य सुरू करायचं, दुसऱ्याने संपवायचं.

"नाना, लोक हसत्यात आमाला..."

"...तितं पुण्यापातूर! जमीन इकून बोट घेनार? तुमाला..."

"...कळतं का काई? दादा, तू सांग ह्यांना."

दादा! ह्या संतोषच्या तोंडून! घर वाटलं तेव्हापासून तो विलासला 'ते गृहस्थ' म्हणत होता. आणि नाना? नाना खाली मान घालून शिव्या खात होते, पण त्यांचं लक्ष भलतीकडेच. मी बघितलं ते काय बघतायत. विलास उभा होता धाकट्याच्या होडीत, संतोष थोरल्याच्या, आणि दोघांना त्याचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात काकू डोक्यावर पाटी घेऊन आल्या. इकडेतिकडे बघितलं आणि बरोबर मधल्या चौकटीत, सैपाकघरात, पाटी उतरवली. भाकरी, पिठलं, ठेचा. "आदी जेवा, मग बोंबला." दोघं भाऊ मांडी घालून बसले. बोलणं तोंडातल्या घासासकट चालू. एकाच्या हातातला कांदा दुसऱ्याने न विचारता घेतला.

जेवण झाल्यावर विलास म्हणाला, "बोटीचं खूळ सोडलं म्हना."

"सोडलं," नाना म्हणाले. एवढ्या पटकन, की मलाच वाईट वाटलं.

गाडी गेली. मी इतके दिवस ह्या माणसाची थट्टा केली, पण त्या दिवशी खराटा उचलून त्यांच्या हातात मीच दिला. म्हटलं, "नाना, गेली की हो बोट."

"जाऊंदे. पोरं एका गाडीतनं आली, बगितलंस न्हवं?" म्हणाले आणि खराटा घेऊन घरी गेले. भिंत तिथेच आहे. चहा अजून वळसा घालूनच येतो.

मला वाटलं, आता खाचर मोकळं झालं, धनगरभाऊंना निरोप द्यावा की या बिनधास्त. पण त्याच आठवड्यात नाना परत दुकानात. पोत्यावर बसले. टॉवेलाची घडी घातली, मोडली, परत घातली.

"बाळ्या, तीन होड्यांची असती का रं? जरा मोबाईलात बग."

"तीन कशाला? सोडलंत ना खूळ?"

"दोनांची सोडली." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "मंगल कुटं बसंल?"

नानांनी टॉवेल गुडघ्यावर ठेवला.

"सही कर म्हनून पेन म्याच दिलंवतं तिला. काई बोलली न्हाई. सही केली, पेनाचं टोपन लावून माझ्या खिशात ठिवलं आन गेली."

मी मोबाईल काढला. शोधलं. तीन होड्यांची असते. मी चित्र मोठं करून त्यांच्यापुढे धरलं. नानांनी ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"मदली मोटी दिसती."

"मधलीच मोठी असते, नाना. दोन्ही कडेच्या तिच्याच आधारावर."

"मग ती मंगलची," नाना म्हणाले आणि उठले.

मी दुकानाला कडी घातली, राहिलेली फक्कीची पिशवी खांद्यावर घेतली आणि त्यांच्यामागून खाचरात गेलो. टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. बांधावरून कुणीतरी ओरडलं, "शेठ, तुमीबी?"

"पान्यात पाय टाकू नकोस," मी म्हटलं, "तिकडनं जा."