सरांनी चहा सोडला

मला कशाचंही व्यसन नाही! वैद्यकीय कॉलेजात मुलांना रोगप्रतिबंध आणि व्यसनमुक्ती शिकवतो, म्हणजे एवढं तर हवंच. त्या दिवशी वर्गात जरा जास्तच रंगात आलो आणि म्हणालो, "तलब म्हणजे काय, ते स्वतः भोगल्याशिवाय कळत नाही. आजपासून मी चहा सोडला. मला रुग्ण समजा!"

खरं तर चहा सुटल्यातच जमा होता. लेक बाळंत झाली म्हणून बायको तिच्याकडे गेली होती. एकट्यासाठी कोण आधण ठेवणार? रोज ती फोनवर विचारायची, "करमतंय ना?" मी म्हणायचो, "मजेत! तू बाळाकडे बघ." फोन ठेवला की घर खायला उठायचं.

मुलं मात्र कामाला लागली. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी माझी नाडी धरूनच बसली.

"सर, तलब कधी येते?"

"सकाळी."

"कुठे?"

"स्वयंपाकघरात."

"तेव्हा समोर काय दिसतं?"

"रिकामी खुर्ची," मी बोलून गेलो. आणि उगाचच चष्मा पुसत बसलो.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. रुग्ण हळवा झाला की आधी घरच्यांना विश्वासात घ्या, हे मीच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको बॅगेसकट दारात! आत येताच तिनं माझं तोंड हुंगलं, कपाटं उपसली, कोटाचे खिसे उलटे केले.

"बाटली कुठे लपवलीत?"

"कसली बाटली?"

"तुमच्या विद्यार्थिनीचा फोन आला होता. सरांनी सोडलंय, पण फार जड जातंय, म्हणाली. काय सोडलंय, ते विचारायचा धीरच झाला नाही हो मला!" आणि ती रडायलाच लागली.

"अगं, चहा!"

रडणं जागच्या जागी थांबलं. "चहा? तान्ह्या बाळाला सोडून मी चहासाठी धावत आले?"

मग जी सुरू झाली! इतक्या आनंदानं मी जन्मात बोलणी खाल्ली नव्हती. शेवटी तिनं चहा केला आणि समोरच्या खुर्चीत बसली. तुझ्यावाचून घरात करमत नाही, एवढंच मला सांगायचं होतं. मी म्हणालो, "साखर कमी आहे."

सकाळच्या गाडीनं ती परत गेली.

वर्गात शिरलो, तर मुलं वाटच बघत होती. "सर, आज कसं वाटतंय?"

"तलब परत आली," मी खाली बघत म्हणालो. "नियमाप्रमाणे घरी कळवायला हवं, नाही का?"